पुढील स्टेशन : चिंच, वड, पाडळ…

मुंबईत झाडं आहेतच कुठे, असं विचारणाऱ्यांनी निदान आपल्या रेल्वे पासवरचं नाव तरी नीट वाचावं. फुलांचा सीझन सुरू झालाय. थोडी मान वर करायला कुणाची हरकत नसावी!

कल्याण स्लो. खिडकीची सीट मिळालीय असं क्षणभर धरून चालू (स्वप्नाला तिकीट लागत नाही). सँडहर्स्ट रोड गेलं की अनाउन्समेंटवाली बाई नावं घ्यायला सुरुवात करते. भायखळा. चिंचपोकळी. करी रोड. परळ. आपल्या कानात हेडफोन, डोळे मोबाइलमध्ये, आणि तिचा बॉटनीचा तास रोजच्या रोज वाया!

आता बघा ना. चिंचपोकळीतली चिंच कुणालाही दिसेल. परळ हे नाव पाडळ नावाच्या झाडावरून आलं, असं एक जुनं मत आहे. भायखळ्याची एक व्युत्पत्ती ‘बहाव्याचं खळं’ अशी सांगतात. हार्बरवर वडाळा, म्हणजे वडांची ओळ. वेस्टर्नला बोरिवली, तिथे बोरं. उमरखाडीत उंबर, ताडदेवला ताड, गिरगावच्या बाजूला फणसवाडी, आणि बाबुलनाथाच्या नावात बाभूळ. भेंडीबाजाराबद्दल मात्र दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते की क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा बाजार, म्हणून साहेबाचं ‘बिहाइंड द बझार’ आणि त्याचा अपभ्रंश भेंडीबाजार. दुसरी म्हणते, छे, तिथे भेंडीची झाडं होती. भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांची रानभेंडी. मी अर्थातच झाडवाल्या पार्टीत. १९०९-१० साली निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमध्ये अशा नावांच्या कहाण्या ओळीनं दिल्यात. सगळ्याच काही शंभर टक्के खऱ्या नसतील. पण एक गोष्ट नक्की. ज्यांनी ही नावं ठेवली, त्यांना पत्ता सांगताना बिल्डिंग नाही, झाड आठवायचं.

फोर्टातली टॅमरिंड लेन हे तर त्याचं क्लासिक उदाहरण. चर्चजवळच्या चिंचेवरून गल्लीला नाव पडलं. गल्ली आहे, गल्लीत झेरॉक्सवाले आहेत, सँडविचवाला आहे. चिंच कधीच गेली. तिथून पाच मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. आजची एशियाटिक लायब्ररी म्हणजे पूर्वीचा टाउन हॉल. त्याच्यासमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात मूठभर दलाल जमून सौदे करायचे. पुढे १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली आणि तिचाच आजचा बीएसई झाला. म्हणजे सेन्सेक्सवाल्यांचं पहिलं ऑफिस वडाखाली होतं! ना एसी, ना अॅक्सेस कार्ड. आपल्यापैकी किती जणांना आपल्या ऑफिसबाहेरचं झाड कुठलं ते सांगता येईल? मी माझ्या ओळखीच्या बारा जणांना विचारलं. नऊ जणांचं उत्तर एकच, ‘झाड आहे?’

गुलाबी पाहुणे

फेब्रुवारी आला की विक्रोळीला गर्दी होते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला, घाटकोपर ते विक्रोळीच्या पट्ट्यात, टॅबेबुया फुलतो. पानं जवळजवळ नाहीत आणि अख्खं झाड फिकट गुलाबी. मग काय, रील्स, प्री-वेडिंग, ‘मुंबईचा चेरी ब्लॉसम’ वगैरे. हायवेवर बाइक थांबवून सेल्फी काढणारे महाभाग दर वर्षी दिसतात. प्लीज नका करू, मागून डंपर येत असतात.

तर हा टॅबेबुया चेरीच्या नात्यातलाही नाही. तो मूळचा मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. एल साल्वादोर नावाच्या छोट्याशा देशाचं ते राष्ट्रीय झाड आहे. आणि गंमत ऐका. टॅबेबुया ज्या कुळातला, त्याच कुळातली आपली पाडळ. तीच ती, जिच्यावरून परळ! फुलं तशीच, कर्ण्यासारखी, आणि वर सुगंधी. घरची चुलतबहीण स्टेशनच्या नावात अडकून पडली आणि साता समुद्रापलीकडच्या पाहुण्याला फोटोशूट मिळालं. चालायचंच.

पण पाहुण्यांवर चिडण्यात अर्थ नाही. मुंबईच्या रस्त्यावर आपण जे ‘फुलणारं झाड’ म्हणून ओळखतो, त्यातले बहुतेक बाहेरगावचेच. गुलमोहर मादागास्करचा. वर्षावृक्ष, म्हणजे आपला रेन ट्री, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला. सोनमोहर श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंतच्या पट्ट्यातला. अगदी महादेवाच्या देवळाबाहेर दिसणारा कैलासपतीसुद्धा दक्षिण अमेरिकेचा! त्याच्या फुलाच्या मधोमध पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो, म्हणून आपण त्याला थेट देवघरातच घेतलं. फुलाचा वास स्वर्गीय. तोफगोळ्याएवढं फळ खाली पडून फुटलं की मात्र नाक मुठीत धरून पळायचं. मुंबईत कामासाठी आले, इथेच रुजले, इथल्याच नावानं हाक मारली तर ओ देऊ लागले… ओळखीचं वाटतंय ना? आपल्यापैकी निम्म्यांची स्टोरी हीच आहे.

ह्या पाहुण्यांचं कौतुक करणारी माणसंही ह्या शहरात होऊन गेली. वॉल्टर मिलार्ड हे त्यातलं एक नाव. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव. १९०८ साली एक शाळकरी पोरगा पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ज्यांच्याकडे गेला, ते हेच मिलार्डसाहेब. तो पोरगा म्हणजे सलीम अली. मिलार्ड पक्ष्यांइतकेच फुलझाडांसाठीही वेडे होते. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर आणि त्यांनी मिळून भारतातल्या देखण्या झाडांवर लेख लिहिले. त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये आलं. आजही झाडवेडी मंडळी ते जपून ठेवतात.

देशी की विदेशी हा वाद झाडवाल्यांच्या ग्रुपवर सुरू झाला की रात्रीचे दोन वाजतात. माझं मत साधं आहे. पांगारा, पळस, काटेसावर फुलली की त्यांच्यावर मैना, कावळे, कोतवाल, शिंजीर सगळ्यांची पंगत बसते. हायवेवरच्या गुलाबी ओळीत असा कल्ला मी कधी ऐकलेला नाही. त्यामुळे नवीन लावायचं तर देशी लावा. पण चाळीस-पन्नास वर्षं उभा असलेला रेन ट्री ‘विदेशी आहे’ म्हणून तोडायला निघालात, तर मी विदेशीच्या बाजूनं. त्याच्या सावलीत रिक्षा स्टँड आहे, भाजीवाली आहे, दुपारी डबा खाणारे डिलिव्हरीवाले आहेत. सावलीला पासपोर्ट नसतो हो!

रेन ट्रीचं तसंही वाईट चाललंय. गेल्या दशकात पिठ्या ढेकणानं मुंबईतले शेकडो रेन ट्री वाळवले. मोठ्ठाले सांगाडे महिनोन् महिने रस्त्यावर उभे होते. उरलेल्यांच्या बुंध्याला आपण सिमेंटचा गळफास लावतो. मग पावसाळ्यात झाड पडलं की म्हणतो, झाड धोकादायक होतं! ५ ऑगस्ट २०२० च्या वादळात कुलाब्याला वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं आणि शहरात दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली. चक्रीवादळाला दोष द्यायलाच हवा. पण वर काँक्रीट आणि खाली केबलसाठी कापलेली मुळं, अशा अवस्थेत उभं राहून दाखवायचं म्हणजे झाडानं तरी किती करायचं?

कुणाचा नंबर कधी?

कॅलेंडर सोपं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर. पानांचा पत्ता नाही आणि फांदीफांदीवर लालभडक पेले. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, हमखास दिसेल. तिच्या आगेमागे पांगारा आणि पळस. मार्चमध्ये सोनमोहर सुरू होतो. पार्क केलेल्या गाडीवर सकाळी पिवळा सडा पडलेला असतो ना, तोच हा. त्याच्या तांबूस शेंगा वर्षभर लटकत राहतात, ती त्याची ओळख. रेन ट्रीला ह्याच सुमारास गुलाबी पावडर-पफ येतात, पण ते एवढ्या उंचावर की फ्लायओव्हरवरून बसनं जाणाऱ्यांनाच नीट दिसतात. डबल डेकरच्या वरच्या मजल्याचे जे काही फायदे आहेत, त्यात हा एक धरा. एप्रिलमध्ये रात्री उशिरा घरी येताना कुठून तरी हलका गोड वास आला तर तो शिरीष.

आणि मग मे! मे महिना म्हणजे मुंबईची फुल्ल टू दिवाळी. बहाव्याचे पिवळे झुंबर, गुलमोहराची आग, आणि तामणीचे जांभळे तुरे. गुलमोहराच्या फुलात चार पाकळ्या लाल आणि एक पांढरट, ठिपक्यांची. लहानपणी ती पाकळी आंबट लागते म्हणून खाल्ली असेल आणि पुंकेसरांचे कोंबडे झुंजवले असतील, तर तुमची मे महिन्याची सुट्टी सत्कारणी लागली. पहिला पाऊस पडला की हीच फुलं लाल चिखल होऊन बुटाला चिकटतात. जुलैत कदंबाचे लाडू. मग ऑक्टोबरात सातवीण, म्हणजे सप्तपर्णी. रात्रीची शिफ्ट संपवून बाहेर पडल्यावर तो उग्र गोड वास अंगावर येतो. काहींना त्यानं डोकं धरतं, मला दिवाळीचा बोनस आठवतो. ज्याचं त्याचं नाक.

राणीच्या बागेत, पेंग्विन सोडून

राणीच्या बागेत तुम्ही शेवटचं कधी गेला होतात? ‘भाच्याला पेंग्विन दाखवायला’ हे उत्तर बाद. (पेंग्विन २०१६ मध्ये आले. बाग त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून आहे.)

पश्चिम भारतातल्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १८६२ मध्ये लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन झालं. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण लोकांच्या तोंडी राणीची बाग ती राणीची बागच. ती मुळात झाडांची बाग आहे, प्राणी नंतर आले. तीन हजारांहून जास्त झाडं आणि अडीचशेहून जास्त जाती, तेही भायखळ्यासारख्या ठिकाणी! गेटातून आत गेलात की पन्नास पावलांत हॉर्नचा आवाज कमी होतो आणि हवा थंड लागते. हे काव्य नाही, जाऊन बघा.

तिथली स्टार म्हणजे उर्वशी. ब्रह्मदेशातून आलेलं झाड. लांब देठांवर उलट्या लटकणाऱ्या लालगुलाबी फुलांच्या माळा, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. शास्त्रीय नाव अॅमहर्स्टिया नोबिलिस, लेडी अॅमहर्स्टच्या नावावरून. फुलणाऱ्या झाडांतली सगळ्यात देखणी कोण, ह्या प्रश्नावर जगभरचे बागवाले हिचं नाव घेतात. ह्याच दिवसांत ती फुलते. तिच्याखाली उभं राहिलं की फोटो काढायचं सुचतच नाही (मग सुचतं, आणि चाळीस काढले जातात). मग गोरखचिंच बघा, आफ्रिकेतला बाओबाब. हत्तीच्या पायासारखं खोड. हे झाड अरब, आफ्रिकन किंवा पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं असावं असं मानतात. वसईच्या किल्ल्यातही आहे.

ही बाग आज आहे तशी दिसते त्याला कारण काही हट्टी लोक. २००७ च्या सुमारास बागेचं रूपांतर आंतरराष्ट्रीय दर्जाच्या झूमध्ये करायचा शेकडो कोटींचा आराखडा आला होता. कागदावर चकाचक. झाडांचं काय, ह्याचं उत्तर मात्र त्या कागदावर सापडेना. तेव्हा रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काही जणींनी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मोहीम उघडली. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी झाडं ओळखली, त्यांच्या नोंदी केल्या, वारसा समितीपुढे नावानिशी मांडल्या. आराखडा अडला आणि पुढे बराच लहान होऊन आला. ह्या मोहिमेत मला सगळ्यात आवडतं ते हे. ‘झाडं वाचवा’ म्हणणाऱ्याला सरकारी टेबलावर चहासुद्धा मिळत नाही. ‘ह्या जागी ह्या नावाचं झाड आहे, शहरात दुसरं मिळणं मुश्किल’ म्हणणाऱ्याला मात्र उत्तर द्यावं लागतं.

नावं नसली की काय होतं तेही ह्याच शहरानं पाहिलंय. ४ ऑक्टोबर २०१९. आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका हायकोर्टानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं थांबवलं, तोवर २१४१ झाडं गेली होती. आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्यात कोणती झाडं होती? मी तिथे आंदोलनाला गेलेल्या मित्रांनाही विचारलं. दोघांनी ‘जंगली’ म्हटलं, एकानं ‘मिक्स’. त्या मेट्रोनं आज मीही जाते. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत धावते, एसी आहे, माझा तास वाचतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना मिटवत नाहीत.

यादीत नाव : ‘जंगली’

आता आमच्या सोसायटीची गोष्ट. पार्ल्यात तीन मजली, बिनलिफ्टची, साठच्या दशकातली बिल्डिंग. रिडेव्हलपमेंट ठरलं. सगळे खूश, मीही. माझ्या आईचे गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळलेत. मग एका सकाळी आवारातल्या झाडांवर नोटिसा दिसल्या. हे कागद तुम्हीही पाहिले असतील, बुंध्यावर लावलेले, जाहिरात समजून आपण पुढे जातो ते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायचं असेल तर अशी नोटीस लावावी लागते, पेपरात द्यावी लागते, आणि हरकत घ्यायला सात दिवस असतात. सात! त्यात शनिवार-रविवार आला की संपलंच.

मी यादी मागवून वाचली. अकरा झाडं. नारळ चार, आंबा दोन, फणस एक, अशोक दोन, पिंपळ एक. आणि अकराव्या झाडासमोर लिहिलेलं ‘जंगली’.

ते अकरावं झाड म्हणजे गेटाजवळची तामण. मे महिन्यात जिच्यामुळे आमच्या गल्लीला ‘जांभळ्या झाडाची गल्ली’ म्हणतात. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. क्विझमध्ये विचारा, लोक मोगऱ्यापासून कमळापर्यंत सगळं सांगतील. राज्यफुलाला राज्याच्या राजधानीत ‘जंगली’! यादी करणाऱ्या माणसाला भेटले, बिल्डरकडचाच तरुण मुलगा. तो वाईट नव्हता. म्हणाला, ‘मॅडम, मला नारळ-आंबा कळतो. बाकी मी जंगली टाकतो. कुणी विचारत नाही.’

कुणी विचारत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यातून दोन दिवस गेलं नाही. २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी असा एखादा यादी करणारा भेटणार.

कायद्यात २०२१ ला एक दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त अंदाजे वय असलेलं झाड ‘हेरिटेज ट्री’ मानलं जातं. आणि झाड तोडायचंच झालं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. ऐकायला छान आहे. पण वय ठरवायचं कसं? झाडाला आधार कार्ड नसतं. मे २०२३ मध्ये सांताक्रूझला मेट्रोच्या कामासाठी एक गोरखचिंच तोडली, तेव्हा रहिवासी तिचं वय तीनशे वर्षं सांगत होते. सांगणं वेगळं, कागदावर येणं वेगळं.

आमच्याकडे कागद सापडला तो तळमजल्यावरच्या काकांच्या ट्रंकेत. त्यांच्या मुंजीचा फोटो. गोटा केलेला बटू, लंगोटी, हातात दंड, चेहऱ्यावर प्रचंड वैताग. मागे सोसायटीचं गेट, आणि गेटाशेजारी बटूच्या खांद्याएवढं एक रोप, त्याला काठीचा आधार दिलेला. फोटोच्या मागे पेन्सिलीनं काकांच्या वडिलांच्या अक्षरात ‘मे १९७३’. काका म्हणाले, ‘अगं, हे आईनं लावलेलं. मला रोज एक तांब्या पाणी घालायची ड्यूटी होती. मी अर्धा तांब्या घालायचो.’

हरकतीच्या पत्राला मी तो फोटो जोडला. झाडाचं नाव मराठीत आणि शास्त्रीय दोन्ही, गेटापासूनचं अंतर, घेर किती इंच, आणि राज्यफूल आहे ही एक ओळ. भाषण नाही. दोन पानांच्या आत. सोसायटीतल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. पाच जणांनी केल्या नाहीत. त्यांना वाटलं काम लांबेल आणि भाडं थकेल, आणि त्यांची भीती मला कळते. सुनावणीला मी ऑफिसवाल्या दोन शेजाऱ्यांना हाफ डे टाकायला लावून घेऊन गेले. समोरच्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, फोटो उलटून तारीख बघितली आणि पहिला प्रश्न विचारला तो काकांना, ‘तुम्हीच का हे?’

पुढच्या महिन्यात पालिकेचे लोक प्रत्यक्ष येऊन घेर मोजून गेले. सुधारित नकाशात पार्किंगचा रॅम्प साडेतीन मीटर सरकलाय आणि तामणीसमोर ‘राखणे’ असं लिहिलंय. दोन्ही आंबे आणि फणस मात्र जाणार. पिंपळ ‘पुनर्रोपण’मध्ये आहे. त्या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही, पण शब्द आहे. खोदकाम अजून सुरू व्हायचंय. रॅम्पच्या पायाची रेषा बुंध्यापासून किती लांब येते, ते जेसीबी आल्यावरच कळेल. काकांनी जाहीर केलंय की त्या दिवशी ते खुर्ची टाकून बसणार आहेत.

बावन्न वर्षांच्या झाडाच्या बदल्यात कायद्यानं बावन्न रोपं मिळाली असती. कुठे लावली असती? आमच्या गल्लीत तरी नाही. आणि बावन्न काठ्यांच्या सावलीत एक स्कूटरही उभी राहत नाही.

तुमच्याकडे असा प्रसंग आला तर एवढं करा. नोटिसीचा फोटो त्याच दिवशी काढा, तारखेसकट. झाडाचं नाव ओळखायला आता मोबाइल अॅप्स आहेत, पण ती कधीकधी कडुनिंबालाही बकाणा निंब म्हणतात, त्यामुळे कुणातरी जाणकाराला पान-फूल दाखवून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. आणि घरातल्या जुन्या अल्बमांत बघा. लग्न, बारसं, मुंज, पहिली स्कूटर… आपल्याकडे लोक फोटो नेहमी झाडापाशीच काढायचे.

तोपर्यंत, ह्या वीकेंडला उर्वशी गाठा. सकाळी ऊन तिरपं असताना जा, माळा मागून उजळतात. भायखळा स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. कॅमेऱ्याला झूम हवा, फुलं हाताला येत नाहीत आणि ओढायचीही नाहीत. बागेत माळीकाका दिसले तर त्यांना गोरखचिंच कुठे ते विचारा, नकाशापेक्षा बरं सांगतात. बुधवारी बाग बंद असते.